चौथी चौकट

३ मार्च

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार, पण उभ्याउभ्याच. माझ्या खोलीत पलंगाखेरीज आडवं व्हायला जागा नाही.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. यात तुला मध्येच "पण कॉलेजचं काय" असं घुसता येणार नाही. कॉलेजचं काही नाही. दोन वर्षं जे शिकवलं ते पुस्तकात होतं आणि पुस्तक मला वाचता येत होतं. तिसऱ्या वर्षी फळ्याशी बोलणाऱ्या माणसाची पाठ बघायचा कंटाळा आला, उठलो.

तू शेजारीपाजारी सांगतेस की पोरगं कॉम्प्युटर दुरुस्त करतं. आम्ही काहीही दुरुस्त करत नाही. कुणावर आळ आला, की त्याच्या कॉम्प्युटरमधल्या डिस्कची हुबेहूब प्रत काढून चौकशीला देतो. मध्ये एक डबी लावतो, तिच्यामुळे डिस्क नुसती वाचता येते, तिच्यावर एक अक्षरही लिहिता येत नाही. आमच्या साहेबांना मी मनातल्या मनात कुलूप म्हणतो. किल्ली फिरवल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि उघडलं की आतून "नोंद केलीस का?" एवढंच पडतं.

पुढच्या आठवड्यात मला एका प्रयोगशाळेत पाठवतायत. पाणी तपासणारी. हो, तीच. जिला मी तुझ्याकडे चहाला आणलं होतं, ती मुलगी जिथे काम करते ती. करत होती म्हणायला हवं, कारण फेब्रुवारीत तिला निलंबित केलंय. एका वसतिगृहाच्या टाकीतलं पाणी पिण्यास योग्य आहे असा दाखला यांनी दिला आणि आठवड्याभरात तीसेक मुली आजारी पडल्या. तिचा विभागप्रमुख म्हणतो, आकडे हिनंच चुकीचे लिहिले. ती म्हणते, मी बरोबर लिहिले होते, वर गेल्यावर बदलले. तिची नोंदवही गायब आहे. एक वकीलबाई चौकशी करतायत, आणि त्यांना प्रमुखाच्या डिस्कची प्रत हवी आहे.

अख्खी नको. मालकांनी बोंब मारली की त्यात बाकीच्या गिऱ्हाइकांची गुपितं आहेत. म्हणून बाईंनी चाळणी लावून दिलीय. चार प्रकारच्या फाइली घ्यायच्या: लिहिलेले कागद, आकड्यांचे तक्ते, मेल आणि फोटो. त्यातूनही ज्यांच्या नावात बाईंच्या यादीतल्या बारा शब्दांपैकी एखादा असेल तेवढ्याच. सापडलेलं उघडून बघायचं नाही, ते बाईंचं काम.

यादीतला नववा शब्द तिचं नाव आहे.

मला काय त्याचं! जानेवारीत ती मला म्हणाली होती, "आधी एका जागी टिकून दाखव." टिकलोय. सात महिने झाले. आणि काम असं करतो की या धंद्यातल्या अर्ध्या गाढवांनी शिकवणी लावावी. ते फाइलचा प्रकार नावाच्या शेपटीवरून ठरवतात. फोटोला तक्त्याची शेपटी चिकटवली की यांच्या लेखी तो तक्ता. मी फाइलच्या पोटातली पहिली अक्षरं वाचतो. नावाला भुलणारा मी नव्हे.

तुझा,
तडतड्या


९ मार्च

चि. तडतड्यास,

आशीर्वाद. निम्मेच पाठवतेय, उरलेले लायकी दिसल्यावर.

पत्र पोचलं. सात महिने टिकल्याबद्दल तुझी मिरवणूक काढायला हवी, पण माझे गुडघे दुखतात.

मी एकतीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीत काढली. धूळ खाल्ली, पण कागद कळतो. म्हणून दोन गोष्टी विचारते. एक, ज्या मुलीसाठी तू दोन वर्षं गल्लीगल्लीत सुस्कारे टाकत फिरलास, तिच्याच प्रकरणात तुला पाठवतायत, हे त्या कुलपाला माहीत आहे का? नसेल तर आज सांग. दुसरा माणूस जाईल. गाढव का असेना, त्याला तिचं नाव वाचून घाम तरी फुटणार नाही.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे खटल्याच्या कागदांची नक्कल करताना कोरं पान आलं तर तेही नकलेत घालत असू. वर पानाचा आकडा टाकायचा आणि मध्ये लिहायचं, "कोरे". नवी पोरं हसायची. एकदा एकानं शहाणपणा करून कोरं पान गाळलं. पुढे वकिलानं उभं राहून विचारलं, चौदानंतर सोळा कसं? पंधरावर काय होतं? त्या कोऱ्या पानापायी आमच्या मुख्य कारकुनाला तीन तारखांना पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे नक्कल करणाऱ्यानं ठरवायचं नसतं. त्याला अक्कल वापरायची परवानगी नसते. तुला ते कठीण जाणार नाही.

ती पोर माझ्याकडे दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा कप स्वतः विसळून ठेवला. तू अजून एकदाही ठेवलेला नाहीस.

आत्या


१६ मार्च

आत्यास, नमस्कार.

झालं काम. कुलपाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "नोंद केलीस का" म्हणून नोंद केली असती आणि त्या शेपटीवाल्याला पाठवलं असतं. मला माझं काम माझ्या हातानं झालेलं बरं वाटतं.

प्रयोगशाळा म्हणजे लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फरशीचे ओटे, त्यांवर बाटल्यांच्या रांगा, प्रत्येक बाटलीच्या गळ्यात चिठ्ठी. तिचा ओटा खिडकीजवळचा. त्यावर आता दुसऱ्या कुणीतरी डबा ठेवलाय. प्रमुखाची केबिन काचेची. त्याचं नाव मी इस्त्री ठेवलंय. शर्टाच्या बाहीची घडी अशी की तिच्या धारेनं सफरचंद कापावं. माझ्या मागे उभा राहून एकसारखा हात चोळत होता.

"किती वेळ लागेल?"

"आत किती साठवलंय त्यावर."

"माझं काय असणार! मी स्वच्छ माणूस आहे हो."

"ते शर्टावरून कळलंच."

हसला. असली माणसं आपल्याला टोमणा मारलाय हे कळूनही हसतात, म्हणून प्रमुख होतात. मग मला ऐकवलं, "पोरगी हुशार होती. पण वयच असं, लक्ष भलतीकडे." माझ्याकडे बघून म्हणाला. त्याला माहीत नव्हतं, उगाचच बघितलं असेल. तरी कानशिलं तापली.

तर कागद, तक्ते, मेल असे तिन्ही प्रकार बाराही शब्दांनी चाळले. एकशे आठ फाइली निघाल्या. सीलबंद करून बाईंकडे दिल्या, यंत्र इस्त्रीला परत. वरून दिसणाऱ्या नावांवरून तरी तिच्या बाजूचं काही नाही, विरुद्धही नाही.

आणि तिच्याबद्दल यापुढे मला एक अक्षर विचारू नकोस. कप विसळणाऱ्या मुली साध्या असतात असं तुला वाटतं. तू रेकॉर्ड खोलीत बसून कागद पाहिलेस, माणसं नाही. काही लोक समोर एक असतात आणि संध्याकाळी सहानंतर दुसरेच. असो. माझं डोकं शांत आहे. अगदी शांत आहे.

तडतड्या


२२ मार्च

चि. तडतड्यास,

तुझं डोकं शांत असतं तेव्हा तू ते दोनदा सांगत नाहीस.

तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. ३ मार्चच्या पत्रात चाळणीचे प्रकार चार आहेत. १६ मार्चच्या पत्रात "तिन्ही". पहिल्यात फोटो आहेत, दुसऱ्यात नाहीत. मधल्या तेरा दिवसांत चौथा कुठे गेला?

"सापडले नाहीत" असं असतं तर तू तेच लिहिलं असतंस, वर दोन वाक्यं स्वतःच्या हुशारीची जोडून. तू तो शब्दच टाळलायस. आणि जिच्याविषयी "मला काय त्याचं" म्हणत होतास, तिच्यावर त्याच पत्रात चिखल उडवलायस. आणि सहानंतर म्हणजे काय? हे सहा आले कुठून?

मला उल्लू बनवायला तुझ्या बापालाही जमलं नाही, आणि तो तुझ्यापेक्षा बरा खोटं बोलायचा.

उलट टपाली उत्तर हवं.

आत्या


२९ मार्च

आत्या,

हो. फोटो होते. एकेचाळीस.

तुला सगळं हवंय ना, घे. चाळणीच्या पडद्यावर चार चौकटी असतात, एकेका प्रकाराला एक. चारांत खूण केली की सापडणाऱ्या फाइलींची यादी आधी नुसती दिसते, मग "प्रत काढ" म्हणायचं. मी चारही खुणा केल्या होत्या. यादी आली. खाली खाली गेलो आणि तिचं नाव. पुढे एक. तिचं नाव, पुढे दोन. असं एकेचाळीसपर्यंत. सगळे फोटो. इस्त्रीच्या यंत्रात, कुठल्यातरी खोल खोल फोल्डरात, ज्याचं नावही धड नव्हतं. पहिला पंधरा डिसेंबरचा, शेवटचा एकतीस जानेवारीचा. रविवार सोडून रोज एक. आणि प्रत्येकाची वेळ संध्याकाळी सहा ते साडेसहा.

त्या वेळी मी कुठे असायचो माहितीये? त्यांच्या फाटकासमोरच्या थांब्यावर. डिसेंबरभर. ती उशिरा बाहेर यायची आणि म्हणायची, "पाच मिनिटांचं काम होतं रे." पाच मिनिटांचं काम! रोज! मी तिथे धूर खात उभा, आणि ती त्या घडीदार बाहीवाल्याला रोज फोटो देतेय. जानेवारीत भांडण झाल्यावर मी जाणं सोडलं, तरी पुढेही चालूच. मला "टिकून दाखव" सांगणारी ही!

तो मागे हात चोळत उभा होता. मला वाटलं याच्या तोंडावर ती डबी फेकून मारावी. आणि त्याच वेळी असंही वाटलं की उद्या हे फोटो त्या बाईंच्या टेबलावर उघडतील. मालक बघतील, मालकांचा वकील चष्मा पुसून बघेल, कुलूप बघेल. मी चौथ्या चौकटीतली खूण काढली. यादीतून एकेचाळीस ओळी गेल्या. अहवालात लिहिलं, "फोटो: यादीतील शब्द नावात असलेले आढळले नाहीत."

तिची लाज राखली मी. तिची लायकी नसताना राखली. यात मी काय वाईट केलं ते सांग.

तडतड्या


४ एप्रिल

तडतड्या,

सांगते.

एकेचाळीसांपैकी तू किती उघडून पाहिलेस? एकही नाही. नियम होता, मान्य. मग त्यांत काय होतं हे तुला कुणी सांगितलं? नावानं आणि घड्याळानं. पहिल्या पत्रात कुणीतरी बढाई मारली होती की आपण फाइलीच्या पोटातलं वाचतो. तो मुलगा कुठे गेला?

कोऱ्या पानावर "कोरे" लिहायचं असतं असं मी तुला लिहिलं होतं. तू भरलेल्या पानावर "कोरे" लिहिलंस.

लाज राखली म्हणतोस. जी वस्तू तू पाहिली नाहीस, ती लाजेची आहे हे ठरवणारा तू कोण? ती अब्रू तिची नाही, तुझ्या डोक्यातल्या घाणीची आहे. तीच तू झाकलीस.

त्या बाईंकडे जा आणि सांग. मला पुन्हा लिहायच्या आधी जा.

आत्या


१८ एप्रिल

आत्या,

गेलो नाही. रोज जाणार होतो. मग वाटायचं, त्यांचे घाणेरडे फोटो नसल्यानं कुणाचं काय अडतंय?

काल सुनावणी झाली. मला अहवालाची खातरजमा करायला बोलावलं होतं. वरच्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, पंखा, पाण्याचे झाकलेले पेले. एका टोकाला बाई. एका बाजूला इस्त्री आणि मालकांचा वकील. समोर ती, एकटी. वकील दिलेला नाही, नको म्हणाली म्हणे. हडकुळी झालीये. माझ्याकडे एकदाच बघितलं, म्हणजे या खोलीत खुर्च्या किती आहेत ते मोजताना बघावं तसं.

बाईंनी तिला विचारलं, "तुमच्या नोंदवहीत खरे आकडे होते, याला आधार?"

"वही सरांनी मागून घेतली, ती परत आली नाही," ती म्हणाली. "पण पंधरा डिसेंबरपासून सरांचाच नियम होता. सुटायच्या आधी त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढून त्यांना पाठवायचा. ऑफिसनं त्यासाठी फोन दिला होता. मी रोज पाठवला."

"फोन कुठे आहे?"

"निलंबनाच्या दिवशी काढून घेतला. पुसून दुसऱ्याला दिला असं ऐकलं."

इस्त्री म्हणाला, "असा नियमही नव्हता आणि असा एकही फोटो मला आलेला नाही. बिचारी गोंधळलीये."

"सर, तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर यायचे. तो आपोआप साठवतो, पाठवणाऱ्याच्या नावानं."

आत्या, तेव्हा मला कळलं. खुर्चीखालची जमीन निघून गेली असं काही झालं नाही. जमीन होती तिथेच होती, पंखा फिरत होता, आणि माझ्या डोक्यात नुसतं चाललं होतं: पंधरा डिसेंबर, रविवार सोडून, सुटायच्या आधी. पाच मिनिटांचं काम. त्या गाढवाला बहुतेक माहीतही नव्हतं की सगळं आत साठतंय, नाहीतर ठेवलं असतं का?

बाई माझ्याकडे वळल्या. "फोटोंबाबत तुमचा अहवाल काय म्हणतो? मोठ्यानं वाचा."

मी वाचलं.

माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, "आढळले नाहीत." वकिलानं मान डोलावली. तिनं समोरचा पेला थोडा पुढे सरकवला, एवढंच.

पंचवीस तारखेला निकाल. तिच्यावर ठपका बसला की नोकरी जाणारच, वर वसतिगृहातल्या पालकांचा खटलाही तिच्याच अंगावर. तीस मुलींना आजारी पाडणारी म्हणून तिला कुणी आयुष्यात भिंगही हातात देणार नाही.

मी उठून बोललो असतो तर? अहवालात खोटं लिहिणाऱ्याला या धंद्यात दारातही उभं करत नाहीत. कदाचित माझ्यावरच खटला. बरं, कालच्या बोलण्यानंतर इस्त्रीनं ते फोटो पुसले असणार, म्हणजे मी बोलून उपयोग काय? एक आहे. मी खूण केव्हा काढली आणि तेव्हा यादीत कोणत्या ओळी होत्या, हे आमचं यंत्र आपलं आपण एका कोपऱ्यात लिहून ठेवतं. ११ वाजून ४२ मिनिटं. कुणी मागितल्याशिवाय ते कुणी बघत नाही. तेवढ्यानं काही होईल असं वाटत नाही.

तू इतकी वर्षं कोर्टात होतीस. तूच सांग, आता बोलण्यात अर्थ आहे का? हे पत्र माणसाच्या हाती पाठवतोय, त्याच माणसाबरोबर उत्तर दे.

तडतड्या


२० एप्रिल

तडतड्या,

तुझा माणूस दारात उभा आहे आणि त्याला घाई आहे, ते बरंच आहे.

तू सल्ला मागत नाहीयेस. गप्प बसायची परवानगी मागतोयस, मोठ्या माणसाच्या सहीनं. मिळणार नाही.

"उपयोग काय" हे बाई ठरवतील. तू पुन्हा चाळणी लावायला बसू नकोस.

जबाब असा लिही. कागदाच्या डाव्या बाजूला चार बोटं जागा सोड. पहिल्या ओळीत काय केलंस ते लिही. दुसऱ्या ओळीत कधी. तिसऱ्या ओळीत, मुलीशी ओळख होती आणि ती साहेबांपासून लपवली. का केलंस ते विचारल्याशिवाय लिहू नकोस, आणि विचारलं तर एका वाक्यात. विशेषणं नकोत. "भावनेच्या भरात" वगैरे लिहिलंस तर मी येऊन कान उपटेन, गुडघे गेले खड्ड्यात. यंत्राच्या त्या कोपऱ्यातली नोंद छापून सोबत जोड, प्रत्येक पानावर सही कर. आधी कुलपाला दाखव, त्याच्याच समोर बाईंकडे दे. हे सगळं परवाच्या आत.

नोकरी जाईल. जाऊ दे. तुझी जाते आहे ती तुझ्या करणीनं, तिची जाते आहे तीही तुझ्याच करणीनं.

आत्या


२६ एप्रिल

आत्यास,

डावीकडे चार बोटं सोडली. विशेषण एकही नाही. जबाब अकरा ओळींत संपला. मला वाटलं होतं, मी जे केलं ते मोठं आहे, पानं लागतील.

बावीसला कुलपापुढे ठेवला. त्यानं दोनदा वाचला. मला वाटलं आता "नोंद केलीस का" म्हणेल. त्यानं टोपी घातली आणि मला घेऊन बाईंकडे गेला. बाईंनी तासाभरात हुकूम काढला, आणि कुलूप स्वतः जाऊन इस्त्रीच्या यंत्रातली डिस्क काढून घेऊन आला. या वेळी चाळणी नाही, अख्खी. मला त्या खोलीत येऊ दिलं नाही, ते योग्यच.

इस्त्रीनं अठरा तारखेला सकाळी पुसले होते. पण पुसलेली फाइल लगेच मरत नाही, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आत पडून असते. एकेचाळीसातले सदतीस निघाले. चार गेले. ते चार माझ्या नावावर.

काल सगळे परत त्याच टेबलाभोवती. मी भिंतीशी. बाईंनी पडद्यावर एकेक उघडला.

आत्या, त्यात काय असावं! आखलेलं पान. तारीख, बाटलीचा आकडा, वेळ, तपासणीचा आकडा, तिची सही. तिचं ते तिरकं अक्षर. आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पान धरून ठेवलेला तिचा अंगठा. पुढचा, परत पान, परत अंगठा. मी ज्याच्यावर थुंकत होतो ते हे. बाई सावकाश पुढे जात होत्या. वसतिगृहाच्या टाकीचं पान म्हणजे नावापुढे अडतीस आकडा असलेला फोटो. त्यावरचा आकडा आणि दाखल्यावरचा आकडा यांत कुणाही शेंबड्या पोराला दिसेल एवढा फरक.

वकील उठला. म्हणाला, "फोटो आहेत, ठीक. पण हे नंतर कुणी कशावरून बनवले नसतील? वही तर हातात नाही. हा अंगठा कुणाचाही असू शकतो."

ती म्हणाली, "मागे जा. चौतिसाव्यावर."

बाई मागे गेल्या. चौतिसाव्या फोटोतल्या अंगठ्याला पांढरी पट्टी होती. पस्तिसाव्यात पट्टी, छत्तिसाव्यात पट्टी. शेवटपर्यंत. तेहतिसाव्यात नाही.

"तेवीस जानेवारीला आम्लाची बाटली फुटली," ती म्हणाली. "प्रथमोपचाराच्या रजिस्टरात तारीख आहे, त्याखाली सरांची सही आहे." आणि तिनं उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. अंगठ्यावर नखापासून मनगटाकडे गेलेला गुलाबी व्रण. अजून ताजा दिसतो.

रजिस्टर मागवलं. सही होती. इस्त्री त्या सहीकडे असा बघत होता की जणू ती त्याच्या बाहीवर पडलेला डाग. बाईंनी तिचं निलंबन तिथल्या तिथे उठवलं आणि इस्त्रीला बाहेरच्या खोलीत थांबायला सांगितलं. तिथे त्याच्यासाठी दोन माणसं बसली होती.

मला काय कळलं माहितीये? ती कुठल्या रंगाची छत्री वापरते, कुठल्या पायरीवर अडखळते, कुठला शब्द लांबवते, सगळं मला पाठ. तिचा हात भाजला हे मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मी तिला सतरा निरोप पाठवले होते. सगळे तिला नावं ठेवणारे.

कुलपानं मला काढून टाकलं. कागदावर सही घेतली आणि म्हणाला, "तू काम चांगलं करायचास. म्हणूनच तुझ्या अहवालावर कुणी शंका घेतली नाही." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात मोठं वाक्य. माझ्यावर पुढे काय कारवाई करायची ते बाई महिन्याभरात कळवतील.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी ती भेटली. म्हणजे मी उभा राहिलो होतो. मला वाटलं बाजूनं निघून जाईल. थांबली.

"तू ते उघडले नव्हतेस?"

"आम्हाला उघडायची परवानगी नसते," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. इस्त्रीकडे बघताना सुद्धा तिनं असं बघितलं नव्हतं.

"मला विचारायचं होतंस ना," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

तडतड्या